ओल्या फुलाची पेटी

जळगावात पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्यांची एक गल्ली होती, आणि त्या गल्लीत युसूफ पेंटरचा रुबाब काही वेगळाच होता. बाकीचे सगळे दिवसभर हातोड्या घेऊन ठणाठणा करायचे. युसूफ मात्र स्टुलावर बसून, डोळे अर्धे मिटून, ब्रशच्या एकेका झटक्यात गुलाब उमलवायचा. आधी तांबडा झटका, त्यावर पांढरा, खाली हिरवं पान, की झाली पेटी तयार. आसपासच्या कितीतरी गावांतल्या लेकी युसूफचा गुलाब घेऊन सासरी गेल्या होत्या. वरात निघाली की पेटी मुद्दाम ट्रकच्या टपावर ठेवायचे, फुलाचं तोंड रस्त्याकडे करून. वाटेवरच्या गावांनाही कळायला हवं ना, की पोरगी रिकाम्या हातानं निघालेली नाही!

आता तो गुलाब अगदी गुलाबासारखा दिसायचा अशातला भाग नाही. युसूफची बायको शहजादी त्याला कोबी म्हणायची. संध्याकाळी तो घरी आला की दारातच विचारायची, "क्यूं जी, आज किती कोबी काढल्या?" युसूफला याचा फार राग यायचा. पण उस्तादानं त्याला हे एकच फूल शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं, आणि उभ्या जन्मात त्याच्यावर दुसरं फूल काढायची वेळच आली नव्हती.

ही वेळ आली ती अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास. तोवर शहरातल्या मुली पेटीऐवजी सूटकेस मागायला लागल्या होत्या. ज्यांना ऐपत होती ते लोखंडी कपाटच देत होते. राहिली होती ती खेड्यापाड्यांतली गिऱ्हाइकं. अशात युसूफचा मेहुणा असलम, जो त्याच दुकानात पेट्या ठोकायचा, तो इंदूरहून एक गुंडाळी घेऊन आला. गुंडाळी उघडली आणि अख्खी गल्ली पाहायला जमली. स्टिकर! छापील गुलाब! पाकळी न् पाकळी वेगळी, आणि वर दवाचे थेंब. थेंबांना चकाकीसुद्धा.

"मागचा कागद काढायचा आणि चिकटवायचं," असलम म्हणाला. "चहा गार व्हायच्या आत पेटी तयार. ना रंग, ना वाळायची भानगड."

युसूफनं ते फूल उलटसुलट करून पाहिलं. मनातून तो हादरला होता, कारण हा गुलाब खरोखरच गुलाबासारखा दिसत होता. पण गल्ली बघत होती, म्हणून त्यानं आवाज चढवला.

"या तुझ्या कागदाला सांग, बाबा, मला शेवंती पाहिजे. देईल? त्याला सांग, मला धोत्र्याचं फूल पाहिजे. देईल? नाही देणार! मी देईन. दुनियेतलं कुठलंही फूल सांगा, हा युसूफ काढून देईल!"

"कुठलंबी?" मागून आवाज आला.

दुकानाच्या पायरीवर असोद्याच्या मंजुळाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे त्यांचे यजमान रुपचंद नाना, हातात पिशवी धरून. असोद्याला त्यांचा केळीचा मोठा मळा होता आणि लेक बेबाचं लग्न तोंडावर आलं होतं.

"नाव घ्या फक्त, अक्का," युसूफ छाती काढून म्हणाला.

"मंग केळफूल काढ."

गल्लीत हातोड्यांचा आवाज थांबला.

"केळफूल?"

"हाव. केळीचं फूल. खाली लोंबते ते. मले पोरीच्या पेटीवर गुलाब नको. गुलाब बठ्ठ्या दुनियेच्या पेटीवर हाये."

"अवं, हा गुलाब काय वाईट हाये?" रुपचंद नाना हळूच म्हणाले. त्यांची नजर असलमच्या स्टिकरवरच्या दवाच्या थेंबांवर खिळली होती. मंजुळाबाईंनी मागे वळून पाहिलं आणि नानांनी नजर काढून घेतली.

मग मंजुळाबाईंनी पायरीवर बसून सगळं सांगितलं. बेबाला दिलं होतं धुळ्याकडच्या एका गावी, मिरचीवाल्या सुपडू आबांच्या घरी. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मुलाची आई कमलबाई! साखरपुड्याला मंजुळाबाईंनी मळ्यातल्या निवडक केळ्यांचा घड नेला होता. कमलबाईंनी तो सगळ्यांच्या देखत बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "केळं म्हंजे काय, दात नही तेसनं खानं. आमनी मिरची खाई देखा, मंग चव समजी."

"दात न्हई त्यायचं खानं!" मंजुळाबाईंना आठवूनही पुन्हा राग आला. "आता माह्या पोरीची पेटी त्या बाईच्या घरात ऱ्हाईन. रोज सकायी उठली का आधी केळफुलाचं तोंड पाह्यीन ती. अन् चांगलं मोठं काढ, युसूफभाऊ. लांबून दिसलं पाह्यजे."

युसूफनं होकार दिला. पाहुणे गेल्यावर असलमनं विचारलं, "भाईजान, केळफूल कसं असतं माहीत आहे का?"

"केळी खाल्ली आहेत की आयुष्यभर," युसूफ म्हणाला.

पण खाणं वेगळं आणि काढणं वेगळं. दुसऱ्या दिवशी युसूफ बस धरून असोद्याला गेला. रुपचंद नानांनी त्याला मळ्यात नेलं, एका केळीखाली गोणपाट टाकून बसवलं आणि ते पाणी द्यायला निघून गेले. युसूफ मान वर करून बघत बसला. जांभळट-तांबडं, टोकदार, चांगलं हातभर फूल. एक पान वर वळलेलं, दुसरं वळायच्या बेतात. त्याला ते फारच आवडलं. तो इतका रंगला, की फुलाच्या देठातून टपटप पडणारा चीक आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर पडतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. हा चीक दिसायला पाण्यासारखा असतो, पण वाळला की काळा पडतो आणि मग परटाच्या बापालाही काढता येत नाही. नानांनी जाताना एक केळफूल कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. समोर ठेवून काढायला बरं.

घरी आल्यावर शहजादीनं आधी सदरा पाहिला आणि बोलायला सुरुवात केली. ती थांबेपर्यंत बाहेर जावं म्हणून युसूफ पुडकं ओट्यावर ठेवून चहाला गेला. परत येऊन जेवायला बसला. भाजी मोठी चविष्ट झाली होती. हरभऱ्याची डाळ, लसूण, वर खोबरं.

"कसली आहे गं?" त्यानं बोटं चाटत विचारलं.

"तुम्हीच आणलं ना. केळफूल."

युसूफचा घास हातातच राहिला.

"अगं, ते मला काढायचं होतं!"

"माणूस कागदात गुंडाळून केळफूल घरी आणतो, तेव्हा बायको काय समजेल? निवडता निवडता माझी बोटं काळी झाली, आणि वर मलाच ओरडता?"

पुन्हा असोद्याला जायला युसूफला लाज वाटली. कलाकार आपण, एकदा पाहिलं की पुरे, असं त्यानं स्वतःला समजावलं, उरलेली भाजी संपवली आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं फूल काढायला बसला. पेटी असलमनं झकास बनवली होती. हिरव्या रंगाची, पितळी कडीची. पुढच्या पत्र्यावर युसूफनं मधोमध मोठं जांभळं फूल लटकवलं. मंजुळाबाईंनी लांबून दिसायला हवं म्हटलं होतं, म्हणून रंगाचे थरावर थर दिले. स्टिकरच्या दवाच्या थेंबांना तोडीस तोड उत्तर द्यायचं, म्हणून चकाकीसाठी रंगात जवसाचं तेल ओतलं. सढळ हातानं ओतलं.

असलम हातोडी खाली ठेवून जवळ आला. त्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"भाईजान, वाघूळ झकास जमलंय."

"वाघूळ कुठं? केळफूल आहे ते!"

"हो का? मग हे कान कसले?"

"कान नाहीत, पानं वळली आहेत वर."

युसूफनं लांब जाऊन पाहिलं. खरं सांगायचं तर कान दिसत होते. ते झाकायला त्यानं दोन्ही बाजूंना केळीची दोन रुंद पानं काढली. त्यानं वाघळाला पंख फुटले. पंख मोडायला पानांवर शिरा काढल्या, तर पंख जास्तच खरे दिसायला लागले. शेवटी असलमनंच त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. "आता थांबा," तो म्हणाला, "नाही तर उडून जाईल."

लग्न नवऱ्याच्या दारी ठरलं होतं. असोद्याचं वऱ्हाड एका ट्रकमध्ये बसून निघालं आणि वाटेत पेटी घ्यायला गल्लीत थांबलं. युसूफनं पेटीवर चादर टाकून ठेवली होती. मंजुळाबाई पुढे आल्या तसं त्यानं डोळे मिटून चादर ओढली.

मंजुळाबाईंनी फुलावरून नजर फिरवली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्यलं का हो?" त्या नानांना म्हणाल्या. "आपल्या मळ्यातलंच उचलून ठेवल्यासारखं हाये का न्हई?"

नानांनी निरखून पाहिलं. "हं," ते म्हणाले. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाचं ते 'हं' होतं.

युसूफ इतका खूश झाला, की एक गोष्ट सांगायचीच राहिली. ती असलमनं सांगितली. पेटी उचलायला त्यानं हात लावला आणि अंगठा जांभळा झाला.

"ओली आहे अजून!"

दोन दिवस झाले तरी फूल वाळलं नव्हतं. तेलानं घात केला होता. मंजुळाबाई कपाळाला हात लावणार, तेवढ्यात युसूफ म्हणाला, "काळजी नको, अक्का. मी येतो पेटीबरोबर. फुलाला कुणाचा पदरसुद्धा लागू देणार नाही." खरं तर त्याला धुळ्याकडचं जेवण आणि आपल्या फुलाचं कौतुक, दोन्ही हवं होतं.

अशा रीतीनं युसूफ ट्रकमध्ये पेटीसमोर उकिडवा बसून निघाला. एरंडोलपर्यंत ठीक होतं. पुढे रस्ता खोदलेला होता आणि धूळ उडत होती. युसूफ चादर धरून वाऱ्याशी झुंजत होता. चादर फुलाला चिकटली तर सत्यानाश, आणि नाही धरली तर धूळ बसते. पण खरी अवदसा आली ती पारोळ्याच्या अलीकडे. तिथे एका जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि ट्रक अडकून पडला. हवेत सगळीकडे कापसाची तूस तरंगत होती. ती वऱ्हाडाच्या डोक्यांवर बसली, नानांच्या मिशीवर बसली आणि फुलावर तर अशी बसली, जणू तिला तिथेच जायचं होतं. युसूफ फुंकर मारत होता. फुंकरीनं आणखी येऊन बसत होती. ट्रक हलला तेव्हा फुलावर छान मऊ, राखाडी लव आलेली होती.

सुपडू आबांच्या दारी मांडव मोठा होता. वाजंत्री वाजली, ओवाळणं झालं आणि मुलीकडून आलेल्या वस्तू बाजेवर मांडल्या गेल्या. मधोमध पेटी. बाया पाहायला गोळा झाल्या. सगळ्यांत पुढे कमलबाई, नऊवारीचा काष्टा सावरत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या वाकल्या. मागे सरकल्या. पुन्हा वाकल्या.

"हाई काय शे वं?"

"वाघूळ शे," एक बाई म्हणाली.

"केस बी शेतस तेले," दुसरी म्हणाली.

"लगीनना घरमा वाघूळ!" कमलबाईंचा आवाज मांडवाच्या पार गेला. "आन् तेबी उलटं टांगेल!"

"वाघूळ उलटंच टांगलेलं असतं, अक्का," युसूफ सवयीनं बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

मंजुळाबाई गर्दी बाजूला सारून पुढे आल्या. "विहीनबाई, वाघूळ न्हई, केळफूल हाये ते! ज्यायनं केळी कधी पाह्यली न्हई त्यायले कसं ओयखू येईन?"

"आम्ही केळी देखेल शेतस! तिले केस नही ऱ्हातस!"

आता दोन्हीकडच्या बायांनी पदर खोचले. भटजी "मुहूर्त, मुहूर्त" करत घड्याळ दाखवत होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुपडू आबा शांत माणूस. त्यांनी नानांना खुणावलं, की आपण दोघं मिळून पेटीचं तोंड भिंतीकडे करू, म्हणजे विषय मिटेल. दोन्ही व्याह्यांनी दोन बाजूंनी पेटी उचलली. आबांनी ती डावीकडे फिरवली, नानांनी उजवीकडे. पेटी जड, निघतानाच भांडी-लुगडी भरलेली. आतली भांडी खडखडली, नानांचा हात सुटला आणि पेटी गर्रकन फिरून बाजेवर डोक्यावर उभी राहिली. खालची बाजू वर, वरची खाली, आणि फुलाचं तोंड होतं तसंच लोकांकडे.

कमलबाईंनी ओरडायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कोनी हात लावू नका."

उलट्या पेटीवर आता एक जांभळट कळी ताठ उभी होती. खाली दोन रुंद पानं, पाण्यावर पसरल्यासारखी. पाकळ्या अलगद उमलायला लागलेल्या. आणि ती लव तर अगदी सकाळच्या धुक्यासारखी दिसत होती.

"कमळ शे," कमलबाई हळूच म्हणाल्या. "हाई तं कमळ शे! मन्हं नाव काढेल शे!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आजलगून कोनी मन्हं नाव कसावर काढं नही. भांडासवर बी यासनंच नाव शे." त्यांनी मंजुळाबाईंचा हात धरला. "विहीनबाई, तुम्ही मन्हासाठी कमळ काढी आनं, आन् मी तुम्हले काय काय बोलनू!"

दुसरी कुणी असती तर तिथेच विषय संपला असता. पण मंजुळाबाईंच्या डोक्यात साखरपुड्याचा घड होता.

"कमळ न्हई हो," त्या हात सोडवून म्हणाल्या. "केळफूल हाये. पेटी सुलटी करा."

"नही करतस! पेटी अशीच ऱ्हाई!"

"अशी ऱ्हायली तर झाकण खाली येईन! उघडली का लुगडी जमिनीवर पडतीन!"

"पडू द्या! आमनं घर सारायेल शे!"

नवरीकडच्यांनी पेटी सुलटी केली. नवरदेवाकडच्यांनी उलटी केली. भांड्यांचा आवाज वाजंत्रीला भारी पडायला लागला. शेवटी कुणाला तरी आठवलं, की फूल काढणारा इथेच आहे. युसूफ जिलेबीच्या कढईजवळ जाऊन उभा राहिला होता. त्याला धरून आणला आणि दोन्ही विहिणींच्या मध्ये उभा केला.

"सांग, युसूफभाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. "तू काय काढलं?"

"सांग, भाऊ," कमलबाई म्हणाल्या. "खरं सांग. कमळ शे ना?"

युसूफनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. केळफूल म्हणावं तर आपण इथून सुखरूप जात नाही. कमळ म्हणावं तर ट्रक आपल्याला परत नेत नाही. उस्तादाची आठवण काढून त्यानं तोंड उघडलं.

"अक्का, मी गुलाब काढला होता," तो म्हणाला.

हे ऐकून दोघी एकदम त्याच्यावर तुटून पडल्या. पण निदान दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, की या माणसाला काही कळत नाही. तेवढ्यात रुपचंद नाना, जे सकाळपासून 'हं'च्या पुढे गेले नव्हते, ते खाकरले.

"पेटी पाठीवर निजवा," ते म्हणाले. "फूल आभायाकडं. ज्याले जिकडून पाह्याचं त्यानं तिकडून पाहावं."

एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं. पेटी बाजेवरून उतरवून जमिनीवर पाठीवर निजवली. मंजुळाबाई एका बाजूनं उभ्या राहिल्या, कमलबाई दुसऱ्या बाजूनं. दोघींना आपापलं फूल दिसलं. भटजींनी सुस्कारा सोडला आणि "मुलीला आणा" म्हणाले.

बेबा तर केव्हाचीच येऊन मागे उभी होती. सकाळपासून पोटात काही नाही, अंगावर जरीचा जड शालू, डोक्यावर बाशिंग आणि समोर आई नि सासू भांडताहेत. उभं राहून राहून तिचे पाय भरून आले होते. बाशिंगाच्या झुरमुळ्यांतून तिला समोर एक बसायजोगी, सपाट, हिरवी वस्तू दिसली. ती सरळ तिच्यावर बसली.

"ओली आहे!" युसूफ जिवाच्या आकांतानं ओरडला.

बेबा दचकून उठली. उठताना चर्र असा आवाज झाला. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या बायांनी एकदम तोंडाला पदर लावले. शालूवर मागच्या बाजूला, ऐन बैठकीच्या जागी, ते फूल जसंच्या तसं उमटलं होतं. पानं, पाकळ्या, शिरा, आणि थोडी लवसुद्धा.

युसूफनं ट्रक कुठे उभा आहे ते डोळ्यांनी शोधलं. कमलबाईंच्या कपाळावरची शीर ताठ झाली. नव्या सुनेनं मुहूर्ताआधीच शालूचं वाटोळं केलं होतं. आता त्या काय बोलतात म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. एवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या भिकुबाईंनी काठी आपटली. भिकुबाई म्हणजे कमलबाईंच्या सासूबाई. त्यांना कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं.

"कमल," त्यांनी विचारलं, "मघापशी तू काय म्हनी राहिनी व्हतीस? काय शे ते फूल?"

"कमळ शे," कमलबाई ठासून म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

"मंग मले सांग, कमळवर कोन बसस?"

सगळ्या मांडवाला उत्तर ठाऊक होतं. मागून कुणीतरी बोललंसुद्धा, "लक्षुमी!"

"लक्षुमी," भिकुबाई म्हणाल्या. "चालीसन उनी, कमळवर बसनी. आमना येळे आम्ही साध्या पाटवर बसनूत. ओवाळ तिले."

आता कमलबाईंना मागे फिरता येईना. एक तर सुनेला लक्ष्मी म्हणावं लागणार, नाही तर फूल केळीचं म्हणावं लागणार. त्यांनी आरतीचं तबक घेतलं, बेबाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाल्या, "मन्हा घरनी लक्षुमी शे हाई."

मंजुळाबाईंच्या ओठांवर 'केळफूल' हा शब्द आला होता. अगदी आला होता. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. अशी संधी दहा मांडवांत एखाद्या आईला मिळते, हे न कळण्याइतक्या त्या खुळ्या नव्हत्या. त्यांनी शब्द गिळला आणि डोळे पुसले.

"कमळच हाये," त्या म्हणाल्या. "मले सुलटं पाह्यल्यामुळं कळलं न्हई."

लग्न लागलं. बेबानं शालू बदलला नाही, कमलबाईंनी बदलू दिला नाही. सगळे विधी झाले, पाया पडणं झालं आणि ती वाकली की पाठीमागच्या बाया नमस्कार करायच्या. पेटीवर मात्र आता काय होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जांभळा चिखल म्हणा हवं तर. युसूफला भरपेट जिलेबी मिळाली, पण फुलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इतकं मोठं काम केलं आणि ते एका मुलीच्या बसण्यानं पुसलं गेलं, हे त्याला लागलं होतं.

पुढल्या लग्नसराईत मात्र गंमत झाली. सुपडू आबांच्या भाऊबंदांपैकी एक जण गल्लीत आले. "बेबाना पेटीसारखी पेटी पाहिजे," म्हणाले. युसूफनं खुशीत विचारलं, "कुठलं फूल काढू?"

"काईबी काढ. पन ओलं पाहिजे."

युसूफला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण त्यांच्या पाठोपाठ दुसरे आले, मग पारोळ्याकडचे आले, मग यावल-फैजपूरकडचेही यायला लागले. सगळ्यांना ओली पेटी हवी होती. नवरी तिच्यावर बसली पाहिजे आणि फूल उमटलं पाहिजे. बेबाच्या सासरी त्या वर्षी मिरचीला भाव चांगला मिळाला होता आणि गावानं तो सरळ फुलाच्या खात्यावर टाकला होता. आता प्रत्येकाला आपापलं फूल हवं होतं. कापूसवाल्यांना कपाशीचं पिवळं, वांगीवाल्यांना वांग्याचं, आणि एका तालेवार कांदेवाल्याला कांद्याचा अख्खा गेंद. स्टिकर घेऊन असलम बसून राहिला. स्टिकर ओला नसतो, आणि त्यावर बसलं तर उमटत नाही. त्यानं एकदा मुद्दाम डिंक लावून पाहिला. ती नवरी उठायलाच तयार होईना, म्हणजे उठूच शकली नाही, आणि वऱ्हाडाला तिला पेटीसकट बोहल्यावर न्यावं लागलं.

शालू खराब होऊ नये म्हणून शहजादीनं युक्ती काढली. पांढऱ्या मांजरपाटाचे चौकोन शिवले, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या. नवरीच्या कमरेला मागून बांधायचे, बसवायचं, उठवायचं, सोडायचे आणि देव्हाऱ्यामागे टांगायचे. तिचे चौकोन पेट्यांपेक्षा जास्त खपायला लागले, आणि तिनं कोबीचा विषय काढणं बंद केलं. युसूफच्या मनातली सल मात्र गेली नव्हती. लोक फूल बघत नाहीत, बैठक बघतात, अशी त्याची तक्रार होती. कितीही मन लावून काढलं तरी शेवटी त्याच्यावर कुणीतरी बसतंच.

दोन-तीन वर्षांनी बोदवडला एका लग्नात तो पेटी घेऊन गेला होता. हल्ली त्याला पेटीबरोबर जावंच लागायचं, रंग योग्य तितका ओला ठेवायचं काम त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. मांडवात एका खुर्चीवर ताईबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. नवरी बसली, उठली, फूल उमटलं, बायांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी शेजारी उभ्या असलेल्या युसूफकडे वळून पाहिलं. परका माणूस, त्याला काय माहीत, म्हणून त्या मायेनं समजावून सांगू लागल्या.

"हे नवं न्हई बरं, भाऊ. लई जुनी रीत हाये आमची. माह्या आजीच्या लग्नातबी असंच होतं. तवा फूल हळदीनं काढत."

युसूफ एकदम ताठ झाला. सांगावं का, की आजी, ही रीत माझ्या डब्यातल्या जवसाच्या तेलातून निघाली आहे? पण आजी इतक्या खात्रीनं बोलत होत्या, की त्याला स्वतःलाच क्षणभर शंका आली.

"त्या वेळी वाळत नव्हतं का, आजी?" त्यानं विचारलं.

"वाळलं तर मग रीत कशाची?" आजी म्हणाल्या. "जाय, जेवून घे. पंगत बसली."

युसूफ जेवायला गेला. वाढप्यानं विचारलं, पाहुणे कुठले, मुलीकडचे का मुलाकडचे? युसूफनं थोडा विचार केला.

"पेटीकडचा," तो म्हणाला, आणि पत्रावळ पुढे ओढली.